आधी गोटी, मग रोटी

काकांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं आणि त्या नखाला नोकरी होती. त्या नखानं ते कान खाजवायचे नाहीत, पाकीट उघडायचे नाहीत, वेलदोडासुद्धा सोलायचे नाहीत. ते फक्त कॉम्प्युटरच्या ट्रॅकबॉलच्या आतला मळ काढायला राखलेलं होतं. एकदा एसटीच्या दारात सापडून ते मोडलं, तर पुन्हा वाढेपर्यंत माणूस सुतक पडल्यासारखा वागत होता. मी म्हटलं, "काका, टाचणी घ्या ना, काय बिघडतं." त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की त्या दुकानात मी टाचणीचं नाव परत काढलं नाही.

हे काका माझे नात्याचे कोणी नव्हते. मी वारूळवाडीची, शेतकऱ्याची मुलगी. ते नारायणगावातल्या एका जुन्या जैन कापड व्यापाऱ्याच्या घरातले थोरले. पणजोबा राजस्थानातून आलेले. आता घरात सगळे आमच्यासारखंच मराठी बोलायचे, भांडण तेवढं मारवाडीत व्हायचं. एसटी स्टँडपासून जवळच त्यांचं दोन मजली कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या जिन्याखाली काकांचं डीटीपीचं दुकान. दुकान कसलं, फडताळच ते. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दहाव्याचे निरोप, टोमॅटोच्या क्रेटवर लावायची लेबलं, सगळं त्या जिन्याखालून निघायचं. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. काकांना केस नव्हते म्हणून त्यांना ते जास्त लागायचं.

थोरला मुलगा जिन्याखाली आणि धाकटा वर गादीवर, हे कसं झालं, ते सांगते. तरुणपणी कापडाचा गठ्ठा अंगावर पडून काकांचा उजवा खांदा गेला. हात कोपरापासून पुढे ठणठणीत, पण खांद्यातून वर उचलायचा नाही, पुढे सरकायचा नाही. ज्याला फळीवरून थान ओढता येत नाही, गिऱ्हाइकापुढे साडी पसरता येत नाही, त्यानं कापड दुकानात करायचं काय? वडील गेल्यावर दुकान आपसूक धाकट्या भावाकडे गेलं. त्यांना सगळे धाकटे शेठ म्हणायचे. काका कितीतरी वर्षं नुसते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्या-गेलेल्याला "या, बसा" म्हणायचे. "मी दुकानाचं तोरण होतो," असं ते स्वतःच सांगायचे, हसत. मला ते हसणं आवडायचं नाही.

मग डीटीपीचं वारं आलं आणि काकांनी हट्टानं एक जुना कॉम्प्युटर घेतला. माऊस धरायचा तर हात टेबलावर इकडे तिकडे सरकवावा लागतो. खांदा ऐकेना, आणि जिन्याखाली माऊस फिरवायला जागाही नव्हती. पुण्याच्या एका जुन्या सामानवाल्यानं कोपऱ्यात पडलेला ट्रॅकबॉल त्यांच्या गळ्यात मारला. आताच्या पोरांना ट्रॅकबॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं. माऊस उताणा पाडल्यासारखी ती वस्तू. डबी जागेवरच राहते, तिच्या वर मोठ्या लिंबाएवढी गोटी असते, ती बोटांनी फिरवायची, तसा पडद्यावरचा बाण फिरतो. हात जागचा हलत नाही. काकांची गोटी लालभडक होती, आणि ती हाताखाली आल्यापासून काका दाराशी बसायचे बंद झाले.

मी कामाला लागले ती बारावी झाल्यावर, कॉम्प्युटरचा कोर्स करून. मी सर्टिफिकेट पुढे केलं. ते त्यांनी बघितलंही नाही. गोटी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "काय वाटतं?"

मला काय वाटायचंय? मी म्हटलं, "गार आहे. आणि जड आहे."

"उद्यापासून ये," म्हणाले.

नंतर कळलं की माझ्याआधी आलेल्या मुलीनं "छान आहे" म्हटलं होतं. "छान काय छान? हातात काय आलंय ते सांगता येत नाही, ती माझ्या वेलांट्या काय बघणार?" असं त्यांचं म्हणणं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी वारूळवाडीहून जीपनं यायची म्हणून मला ते "वारूळवाडी"च म्हणायचे. "ए वारूळवाडी, चहा सांग." अख्खं गाव हाकेला ओ देतंय असं वाटायचं.

सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम गोटीचं. दारात गिऱ्हाईक उभं असो, नाहीतर सरपंच उभा असो. "आधी गोटी, मग रोटी," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की समोरचा चहावालाही आपल्या पोरांना तेच ऐकवायचा. कॉम्प्युटर बंद ठेवायचा. डबीच्या तोंडावरची चकती फिरवून काढायची, डबी तळहातावर उपडी करायची आणि गोटी मऊ धोतराच्या तुकड्यावर घ्यायची. नवं कापड चालायचं नाही. कापडाच्या दुकानाखाली बसून हा माणूस जुनं धोतर शोधत फिरायचा. "नवं कापड तंतू सोडतं," म्हणायचे, आणि वर बोट दाखवायचे, "त्याच्या दुकानातला सगळा तंतू माझ्या गोटीच्या पोटात येतो."

ते खोटं नव्हतं. गोटीच्या खाली दोन बारीक दांड्या असायच्या, एक आडवी, एक उभी, आणि एक पिटुकलं चाक. गोटी फिरली की दांड्या फिरायच्या. त्यांच्यावर हाताचा मळ, घाम आणि वरून येणारा तंतू बसून काळं कडं तयार व्हायचं. कडं झालं की गोटी अडखळायची, बाण उड्या मारायचा, आणि 'शुभविवाह' भलतीकडेच जाऊन बसायचा. ते कडं काका नखानं काढायचे. दांडी जराशी फिरवायची, नख लावायचं, पुन्हा जराशी फिरवायची. घाई नाही, गडबड नाही. आईनं बाळाच्या कानातलं काढावं तसं. मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटचा हात द्यायचा. उरलेली धूळ लहान मुलांच्या रबरी पिचकारीनं उडवायची. तोंडानं फुंकर मारायची नाही. एक तर थुंकी उडते, आणि दुसरं, फुंकरीनं हवेतले जीव मरतात. पहिलं कारण ते मला सांगायचे, दुसरं मंदिरातल्या लोकांना.

तेल मात्र अजिबात नाही. सायकलवाला, शिलाई मशीनवाला, जो येईल तो सांगायचा, "शेठ, एक थेंब तेल सोडा, बघा कशी पळतीय." काका हात जोडायचे. "तेल घातलं की धूळ पाहुणी येते, आणि मग जात नाही."

आणि सगळं झाल्यावर शेवटचा संस्कार. धुऊनपुसून गोटी फार कोरडी व्हायची, जरा खरखर करायची. मग काका डोळे मिटून ती आपल्या टकलावरून एकदा मागे-पुढे फिरवायचे. टकलाचं जे अंगचं तेल असतं तेवढंच तिला पुरतं, असा त्यांचा शोध. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा पदरात तोंड लपवायला माझ्या अंगावर पदर नव्हता, म्हणून ओढणी कोंबली. काका डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "हस. पण उद्या तुझ्या नाकावरून फिरवायला सांगेन."

याच्यावरून एकदा मोठी मजा झाली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन आलेला एक शेतकरी लेबलं छापायला म्हणून वाकून आत आला, तर काकांचं टकलावर गोटी फिरवणं चाललेलं. तो कितीतरी वेळ तसाच वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शेठ, माज्याबी डोक्यावरनं फिरवा की. सकाळधरनं लई ठणकतंय."

काकांनी त्याचं डोकं निरखून बघितलं. "तुम्ही तेल कोणतं लावता?"

"खोबऱ्याचं."

"मग नाही जमायचं."

झालं. त्या भल्या माणसानं याचा अर्थ असा लावला की पथ्य आहे. पुढच्या बाजारच्या दिवशी तो शिकेकाईनं डोकं धुऊन हजर. आता याला नाही कसं म्हणायचं? काकांनी धोतराच्या तुकड्यातून गोटी त्याच्या कपाळावरून फिरवली आणि पुन्हा स्पिरिटनं पुसली. गार गोटी कपाळाला लागल्यावर कुणालाही बरंच वाटेल. तो डोळे उघडून म्हणाला, "राव, हलकं झालं." पुढचा महिनाभर कोण ना कोण डोकं धरून आमच्या जिन्याखाली यायचं. मी वैतागले. काका मात्र प्रत्येकाला लेबलांचे नमुने दाखवायचे. "डोकं दुखतंय म्हणून आले, पत्रिका छापून गेले," असं म्हणून टेबल वाजवायचे.

गोटी साफ झाली हे काका डोळ्यांनी ठरवायचे नाहीत. कॉम्प्युटर चालू करायचा, चित्र काढायच्या पानावर जायचं आणि गोटीवर तीन बोटं ठेवून एका दमात गोल काढायचा. कंपास नाही, तयार वर्तुळ नाही, हातानं. सुरुवात जिथून केली तिथेच शेवट येऊन टेकला आणि मध्ये कुठे कुबड आलं नाही, की दिवस सुरू. कुबड आलं तर पुन्हा चकती उघडायची. जमलेला गोल ते क्षणभर बघायचे आणि पुसून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एखादा ठेवा की छापून." ते म्हणाले, "कालच्या गोलावर आजची पत्रिका निघत नाही."

आता धाकट्या शेठांबद्दल. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना जिन्याखाली साडीच्या फॉल-पिकोचं मशीन टाकायचं होतं. गिऱ्हाईक साडी घेतं आणि फॉल लावायला दुसरीकडे जातं, हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. त्यात काकांच्या साफसफाईपायी लोक खोळंबलेले दिसायचे. येता-जाता ते जिन्यावरून खाली वाकून म्हणायचे, "काय भाऊ, अजून गोटीच खेळताय?" काका गोटी पुसत राहायचे. एकदा मात्र घरात काय बोलणं झालं कोण जाणे, धाकट्या शेठांनी माझ्यादेखत स्पष्ट सांगितलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काकांनी करायची. ती वेळेवर आणि बिनचूक झाली तर जिन्याखालची जागा काकांची, पुन्हा कोणी विषय काढणार नाही. नाही झाली तर दिवाळीला तिथे पिकोचं मशीन बसेल.

"आणि मी कुठे बसू?" काकांनी विचारलं.

"दाराशी खुर्ची आहे की," धाकटे शेठ म्हणाले. त्यांच्या मनात टोचायचं नसेलही. पण काकांचा चेहरा मी बघितला होता.

लग्नपत्रिकेचा मजकूर वेळेवर मिळाला असं या तालुक्यात कधी झालेलं नाही. नावं शेवटपर्यंत येत राहतात. कुणाचा साडू राहतो, कुणाची आत्या रुसते. ह्या पत्रिकेत तर व्याह्यांकडची नावं ऐन दसऱ्याच्या सकाळी आली. आणि त्याच संध्याकाळी घरातले एक पाहुणे राजस्थानला निघायचे होते, पहिल्या पत्रिका कुलदेवीपुढे ठेवायला. म्हणजे दुपारच्या जेवणाआधी, ज्याच्यावरून छपाईची प्लेट बनते त्या बटर पेपरवर प्रिंट निघाली पाहिजे, तर मागच्या गल्लीतला छापणारा संध्याकाळपर्यंत पत्रिका हातात देणार. काकांनी सकाळी नेहमीसारखी गोटी साफ केली, गोल काढला, गोल जमला. मग ते वरच्या दुकानात भावापाशी बसून एकेक नाव तपासून घ्यायला गेले आणि मी छापणाऱ्याला थांबवून ठेवायला मागच्या गल्लीत गेले.

तेवढ्यात माझी आई आली.

आई त्याआधी कधी दुकानात आली नव्हती. आमच्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, काही सुटत नाही. त्या सकाळी आईनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि तिच्या मनात आलं, आपली पोरगी ज्याच्यावर कमावते त्याची पूजा कोण करतं? झालं, ताट घेऊन, त्यावर रुमाल टाकून बाई जीपमध्ये बसली आणि नारायणगावात उतरली. जिन्याखाली कोणी नाही. टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे लाल गोटी.

मी परत आले तेव्हा आई ओलं हळदीकुंकू दोन्ही बोटांवर घेऊन गोटीला लावत होती. नुसतं वरून लावून भागलं असतं, पण गोटी बोटाखाली फिरायला लागली.

"अगं किती गार हाय गं ही," आई म्हणाली. "आन फिरतीया कशी. म्हनलं, देवच फिरतोय तर सगळीकडनं लावावं."

सगळीकडनं लावलं होतं. वरून अक्षता टाकल्या होत्या, झेंडूचं फूल वाहिलं होतं, निरांजन ओवाळताना तेलाचे दोन थेंबही पडले असावेत. तेल, बघा. पडद्यावर बाण थरथरत एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. आईला काय बोलावं हे सुचायच्या आत मागून काका आले. त्यांच्या हातात नावांचा कागद होता. त्यांनी गोटीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं. गोटीला कोणी नुसतं बोट लावलं तरी अंगावर येणारा हा माणूस. मला वाटलं, आता आईचा उद्धार होतो.

काकांनी नावांचा कागद टेबलावर ठेवला, चपला काढल्या आणि गोटीला हात जोडले.

"ताई," म्हणाले, "इतक्या वर्षांत हिची पूजा कोणी केली नव्हती."

"मंग? आवं जिच्यावर माज्या पोरीचं पोट, तिला गंध नको?" आई म्हणाली. "संध्याकाळी यायला जमायचं न्हाई, म्हनून सोनं आत्ताच देते." तिनं आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली. काकांनी ती कपाळाला लावली, आईला बसवलं, तिच्यासाठी चहा मागवला, टोमॅटोला भाव काय आहे ते विचारलं. आई चहा पिईपर्यंत मी घड्याळाकडे बघत मरत होते. ते एकदाही घड्याळाकडे बघत नव्हते. आई गेली ती लई खुशीत गेली.

तिची पाठ वळली आणि धाकटे शेठ जिन्यातून खाली आले. त्यांनी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, काय केलं हे तुम्ही? आता कधी व्हायची पत्रिका? त्या बाईला काही अक्कल?"

"पत्रिका होईल," काका म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्यांनी धोतराचा तुकडा पसरला, चकती फिरवली. चकती निघेना, हळदीनं चिकटली होती. ओल्या कापसानं कडेकडेनं पुसून ती सोडवली. गोटी बाहेर आली. आत बघवत नव्हतं, दांड्या दिसतच नव्हत्या, नुसता हळदीकुंकवाचा चिखल. धाकटे शेठ दारात उभे. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, मी पळत जाऊन कॉम्प्युटर क्लासमधून माऊस आणू? मी करते तेवढी पत्रिका. मांडीवर पुठ्ठा घेऊन बसते."

"ऐका तिचं," धाकटे शेठ म्हणाले.

काकांनी नख थांबवलं. "आण की," ते मला म्हणाले, अगदी शांतपणे. "तुझ्या उंदरानं पत्रिका होईल. वेळेवर होईल. मग उद्या हा म्हणेल, बघा, गोटीवाचून काही अडलं नाही. आणि गोटीवाचून अडत नाही, तर माझ्यावाचून काय अडणार आहे?"

धाकटे शेठ तिथेच चौकटीला टेकून उभे राहिले. मीही जागची हलले नाही. काकांनी पुन्हा नख दांडीला लावलं. रोजच्या इतक्याच चालीनं. दांडी जराशी फिरवायची, नख लावायचं. मला वाटत होतं की ती डबी हिसकावून घ्यावी आणि आपणच खरवडावी. कापसाची बोंडं आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी निघायला लागली. त्या पिटुकल्या चाकाच्या मागे तांदळाचा दाणा बसला होता. तो त्यांनी नखावर उचलला आणि आपट्याच्या पानावर ठेवला. "अक्षत," म्हणाले. "शुभ असते."

स्पिरिट झालं, पिचकारी झाली, टकलावरून गोटी फिरवून झाली. कॉम्प्युटर चालू करून त्यांनी गोल काढला. खालच्या बाजूला कुबड आलं.

"भाऊ, एवढ्या कुबडानं काय होतंय? सुरू करा आता," धाकटे शेठ म्हणाले. आवाज चढला होता.

काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चकती उघडली. उभ्या दांडीला झेंडूच्या पाकळीचा एक धागा गुंडाळला होता. तो काढला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, टकलासकट. दुसऱ्यांदा गोल काढताना मी बघितलंच नाही, मी जिन्याच्या पायरीकडे तोंड केलं. मग काकांचा आवाज आला, "वारूळवाडी, नावं वाच." मी वळून बघितलं, तर पडद्यावर गोल होता आणि तो जमला होता.

पुढे काय, मी नावं वाचत गेले आणि काका टाइप करत, लावत गेले. व्याह्यांकडचे वडीलधारे, त्यांचे साडू, आत्या, सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. बाण लोण्यातून फिरल्यासारखा फिरत होता. वरच्या दुकानात जेवणाचे डबे उघडत होते तेव्हा मी बटर पेपर घेऊन मागच्या गल्लीत धावत होते. संध्याकाळी पाहुणे पत्रिका घेऊन निघाले. धाकट्या शेठांनी एक पत्रिका उलटी-सुलटी करून तीनदा वाचली. चूक सापडली असती तर त्यांना बोलायला सोपं गेलं असतं, पण सापडली नाही. शब्दाला मात्र माणूस पक्का. दिवाळीला पिकोचं मशीन आलं ते वरच्या मजल्यावर गेलं, आणि दाराशी असलेली ती खुर्चीही त्यांनी माळ्यावर टाकून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी टंचाई नसल्यासारखं येऊ दिलं.

फक्त एक गोष्ट धाकट्या शेठांनी त्या दसऱ्याच्या संध्याकाळी सांगितली. "भाऊ, त्या बाईला सांगा, पुढच्या वर्षी येऊ नको म्हणावं."

"नाही सांगणार," काका म्हणाले. "आणि मशीन अडलं होतं हेही तिला कोणी सांगायचं नाही. वारूळवाडी, तूसुद्धा नाही. ती आशीर्वाद द्यायला आली होती. आशीर्वादानं काम अडलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मी म्हटलं, "अहो, पण ती येणार. दर वर्षी येणार. तुम्हाला माझी आई माहीत नाही."

"येऊ दे की."

पुढच्या दसऱ्याच्या थोडं आधी काका अचानक सुताराकडे फेऱ्या मारायला लागले. दसऱ्याच्या सकाळी बघते, तर त्यांनी टेबलाच्या खणातून एक गोटी काढली. सुताराकडून लाकडाची करून घेतलेली, तेवढ्याच मापाची, तशीच लालभडक रंगवलेली. पॉलिश केलेली. खरी गोटी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी खिशात घातली, डबीच्या आत कागदाची घडी घालून वर लाकडाची गोटी बसवली आणि कॉम्प्युटर बंद करून हात बांधून बसले. आई आली. ताट, निरांजन, अक्षता, झेंडू. तिनं सगळीकडनं कुंकू लावलं. काकांनी हात जोडले, सोनं घेतलं, चहा सांगितला, टोमॅटोचा भाव विचारला. आई गेल्यावर लाकडाची गोटी पुसून खणात, खरी खिशातून जागेवर. मी हसून हसून बेजार झाले. काका म्हणाले, "हसतेस काय? ही पूजेची आहे."

माझं लग्न होऊन मी पारगावला गेले तरी हा सोहळा चालू राहिला. आई दर दसऱ्याला जीपनं जायची, काका दर दसऱ्याला गोटी बदलायचे. माझ्या पत्रिकेचं काम त्यांनी स्वतः केलं, आणि त्या दिवशी म्हणे सकाळी तीनदा गोल काढला. एक कुबड नव्हतं, तरी तीनदा.

दुकान काकांनी आपल्या हातानं बंद केलं. तोवर सगळीकडे खाली दिवा लागणारे माऊस आले होते, ज्यांच्या पोटात काढण्यासारखं काही नसायचं. पण काका त्यामुळे नाही थांबले. त्यांची बोटं जराशी थरथरायला लागली होती. एका सकाळी गोटी चकचकीत साफ करूनही गोल जमेना. पुन्हा उघडली, आत काही नव्हतं. "गोटी ठीक आहे," काका म्हणाले म्हणे, आणि वर जाऊन भावाच्या हातात किल्ली दिली. धाकटे शेठ घ्यायला तयार नव्हते. मी भेटायला गेले तेव्हा काका घरी झोपाळ्यावर मजेत बसले होते, खरी गोटी हातात घेऊन ती बोटांत फिरवत. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला होता. करंगळीचं नख कापलेलं होतं. त्यांनी माझ्या हातात रुमालात बांधलेली लाकडाची गोटी दिली.

"ताईंना दे. म्हणावं, मशीन थांबलं, पण पूजेचा मान तुमचाच. देवघरात ठेवा. आणि बघ हं, त्यांना काही कळू देऊ नकोस."

मी ती घेऊन वारूळवाडीला गेले. आई अंगणात शेंगा निवडत बसली होती. मी रुमाल सोडला आणि ठरल्याप्रमाणे सांगायला लागले की काकांनी त्यांच्या मशीनची गोटी पाठवलीय. आईनं ती हातात घेतली, अंगठ्यानं जराशी घासली. इतक्या वर्षांच्या कुंकवानं ती खडबडीत झाली होती.

"सुतारानं बाभूळ वापरलीया," आई म्हणाली. "चांगली घोटलीया पन."

मी रुमालाची घडी घालायला लागले.

"तोंड का उतरलं तुजं? मला पयल्याच साली कळलं व्हतं. आदल्या साली ती गार लागली व्हती, ही लागली ऊन. लाटणं रोज हातात असतंय माज्या, लाकूड मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं?" आईनं गोटी पदरानं पुसली. "माज्या हातनं कायतरी बिघाडलं असनार, म्हनूनच त्यांनी ही करून घेतली. एवडा मोठा शेठ मानूस, माजं मन मोडू नये म्हनून सुताराच्या दारात जातो. मी म्हनायचं व्हय, तुमची गोटी खोटी हाय म्हनून? हळदीकुंकू काय मी गोटीसाठी न्हेत व्हते? त्या मानसासाठी न्हेत व्हते." मग ती देवघराकडे जाता जाता थांबली. "आन तू जाऊन सांगू नको त्यांना. वाईट वाटंल."

गोटी अजून वारूळवाडीच्या आमच्या देवघरात आहे. दसऱ्याला सगळ्या हत्यारांच्या आधी तिला कुंकू लागतं. आणि त्या दिवशी दुपारी मला काकांचा फोन येतो. टोमॅटोचा भाव विचारून झाला की ते आवाज खाली आणून विचारतात, "वारूळवाडी, ताईंना काही कळलं नाही ना?"

"नाही काका," मी सांगते.